केसांची तक्रार, शरीराची साक्ष

(कोल्हार येथे झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



प्रवरेच्या काठी, भगवतीमातेच्या या गावी आरोग्याविषयी बोलण्याची संधी मिळाली. आजचा विषय आहे, ‘केसांचे व डोक्याच्या त्वचेचे विकार आणि आयुर्वेद’. विषय ऐकून काहींना वाटेल की, मधुमेह, हृदयविकार, कर्करोग असे गंभीर आजार सोडून वैद्यबुवा केसांवर काय बोलणार? केस गेले म्हणून कोणी दगावत नाही, हे खरेच. परंतु ज्या मुलीचे केस मूठमूठ गळू लागतात, तिची झोप उडते. ज्या तरुणाला पंचविशीत टक्कल पडते, तो चारचौघांत बसणे टाळू लागतो. आणि या दुःखाचा बाजार मांडून बसलेल्या लोकांच्या हाती घरचा पैसा जातो. पैशाचे नुकसान एक वेळ भरून निघते. डोक्याला बाटल्यांमागून बाटल्या चोळताना आतला आजार मात्र तसाच वाढत राहतो, ते नुकसान सहजी भरून येत नाही.

म्हणून आरंभीच एक गोष्ट सांगून टाकतो. आज ‘आयुर्वेदिक’ हा शब्द उच्चारला की लोकांच्या डोळ्यांपुढे तेलाची बाटली उभी राहते. केसांच्या बाबतीत तर आयुर्वेद म्हणजे तेल, असेच समीकरण झाले आहे. आपल्या संहिताकारांचा विचार मात्र याहून कितीतरी व्यापक होता. केसांची तक्रार घेऊन रोगी आला, तर ते आधी त्याचे ताट पाहत, त्याचे पाणी, त्याची झोप, त्याचे मन पाहत, आणि मग तेलाकडे वळत. हा क्रम आपण उलटा केला आहे. तो पुन्हा सुलट कसा करता येईल, एवढेच मला आज सांगायचे आहे.

केस कोठून येतो?

आयुर्वेदानुसार आपण घेतलेल्या अन्नापासून प्रथम रस धातू, मग रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र असे सात धातू क्रमाने पोसले जातात. प्रत्येक धातू तयार होताना त्याचा काही मलभागही निर्माण होतो. केस आणि नखे हा अस्थिधातूचा मल मानला आहे. या कल्पनेतले मर्म लक्षात घ्या. अन्नापासून अस्थीपर्यंतचा एवढा प्रवास झाल्यावर केसाचा क्रम लागतो. वाटेत कोठेही खोट आली, म्हणजे भूक मंदावली, रक्त कमी पडले, हाडांचे पोषण बिघडले, की त्याची पहिली चाहूल केसांत लागते. केस हा शरीराचा साक्षीदार आहे, तो असा.

आजचे शास्त्र हीच गोष्ट निराळ्या परिभाषेत सांगते. माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. ते महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात. प्रत्येक केसाला वाढीचा काळ असतो, तो दोन ते सहा वर्षांचा. नंतर सुमारे तीन महिने तो विसावतो आणि गळून नव्याला जागा देतो. त्यामुळे रोज पन्नास ते शंभर केस गळणे हे निरोगीपणाचेच लक्षण आहे. फणीत चार केस दिसले म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, उपासमार किंवा मनावरचा जबर आघात यांपैकी काही घडले, तर वाढीच्या अवस्थेतले पुष्कळ केस एकदम विसाव्याच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळू लागतात. विषमज्वरानंतर केस जातात, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. करोनाच्या साथीनंतर घरोघरी केस गळण्याची जी तक्रार आली, ती याच जातीची. बाळंतिणीचे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळतात, त्याचा दोष कोणी बाळाच्या हसण्याला देतो, कोणी दृष्टीला. वस्तुतः ते बहुधा काही महिन्यांत आपोआप पूर्ववत होतात. त्या काळात तिला तेलाच्या महागड्या बाटलीपेक्षा पोटभर सकस जेवणाची आणि झोपेची अधिक गरज असते.

एका नावाखाली अनेक रोग

आपण बोलीत ‘केस गेले’ एवढेच म्हणतो. आपल्या ग्रंथकारांनी मात्र त्यात बारकाईने भेद केले. हळूहळू विरळ होत जाणारे केस म्हणजे खालित्य. एकाएकी गोल चट्टा पडून केस जाणे म्हणजे इंद्रलुप्त, ज्याला आपण चाई म्हणतो. अकाली पिकणे म्हणजे पालित्य. कोंडा, खाज आणि रुक्षपणा म्हणजे दारुणक. डोक्यात पू होणाऱ्या पुटकुळ्या म्हणजे अरूंषिका. सुश्रुतांनी यांतील बहुतेकांची गणना क्षुद्ररोगांत केली आहे. येथे क्षुद्र म्हणजे तुच्छ नव्हे. ज्यांचा विस्तार लहान आहे, असे रोग.

इंद्रलुप्ताविषयीचा सुश्रुतांचा विचार पाहण्यासारखा आहे. रोमकूपातील पित्त वाताशी मिळून केस पाडते आणि मग कफ व रक्त त्या रोमकूपाचे तोंड बंद करतात, म्हणून तेथे नवा केस उगवत नाही. गळणे आणि न उगवणे या दोन निराळ्या घटना आहेत, हे त्यांनी ओळखले होते. आजही त्वचारोगतज्ज्ञ पहिला प्रश्न हाच विचारतात की, केसाचे मूळ शाबूत आहे की व्रण होऊन कायमचे बुजले आहे? मूळ शाबूत असेल तर आशा आहे; बुजले असेल तर कोणतेही तेल तेथे केस उगवू शकत नाही.

आणखी एक प्रामाणिकपणा आपल्या पूर्वजांकडून शिकण्यासारखा आहे. पित्तप्रकृतीच्या माणसाला सुरकुत्या, पिकलेले केस आणि टक्कल लवकर येते, असे चरकांनी स्पष्ट सांगितले. म्हणजे काहींच्या बाबतीत ही जन्मतः मिळालेली ठेवण आहे. वाग्भटांनी तिन्ही दोषांनी होणारे खालित्य असाध्य मानले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेतले वैद्य ‘हे बरे होणार नाही’ असे सांगू शकत होते. आणि आजचा जाहिरातदार पंधरा दिवसांत टकलावर केस आणून दाखवतो! भारताच्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतही ‘जे’ नावाचे एक परिशिष्ट आहे. जे रोग बरे करण्याचा वा टाळण्याचा दावा औषधाने करू नये, त्यांची ती यादी आहे. तीत टक्कल आणि केसांचे अकाली पिकणे या दोहोंचा समावेश आहे. यापुढे यात्रेतल्या तंबूत किंवा मोबाइलच्या पडद्यावर असा दावा दिसला, तर ही यादी आठवावी.

बुलढाण्याचा धडा

कारण शोधल्याविना उपचार करू नये, हे तत्त्व आयुर्वेदात ‘निदान-परिवर्जन’ या नावाने ओळखले जाते. निदान म्हणजे रोगाचे कारण, आणि परिवर्जन म्हणजे ते टाळणे. सर्व चिकित्सेचा संक्षेप सुश्रुतांनी याच शब्दांत केला आहे. त्याचा अलीकडचा दाखला आपल्याच महाराष्ट्रात घडला.

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, काळवड, हिंगणा अशा गावांतून चमत्कारिक बातमी आली. आधी डोक्याला खाज सुटायची, मग केस हातात यायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचे. पुरुष, स्त्रिया, शाळकरी मुले, कोणीच यातून सुटले नाही. बाधितांची संख्या अडीचशेच्या पुढे गेली. लोकांनी त्याला ‘टक्कल व्हायरस’ असे नाव दिले. लोक डोके झाकून फिरू लागले. स्पर्शाने हा रोग होईल या भीतीने शेजारी शेजाऱ्याला टाळू लागला. कोणी म्हणे शाम्पूचा दोष, कोणी म्हणे बुरशी, कोणी म्हणे पाण्यातले क्षार. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथके आली, पाण्याचे, रक्ताचे, केसांचे नमुने घेतले गेले.

विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतंत्रपणे या गावांचा अभ्यास केला. बाधितांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम या द्रव्याचे प्रमाण कितीतरी पटींनी वाढलेले त्यांना आढळले. जस्ताचे प्रमाण मात्र घटलेले होते. त्यांचा माग रेशन दुकानातून आलेल्या गव्हापर्यंत पोहोचला. त्या गव्हातले सेलेनियम स्थानिक गव्हाच्या तुलनेत शेकडो पटींनी अधिक असल्याचे त्यांनी सांगितले, आणि तो गहू खाणे थांबवलेल्या काहींना पाच-सहा आठवड्यांत पुन्हा केस येऊ लागल्याचेही नोंदवले. सेलेनियम शरीराला अत्यल्प प्रमाणात हवेच असते. अति झाले की केस आणि नखे गळतात. पंजाबात होशियारपूर-नवांशहर या पट्ट्यातील काही जमिनींत ते नैसर्गिकपणे जास्त आहे. चीनच्या हुबेई प्रांतातही गेल्या शतकाच्या सातव्या दशकात अशीच केस-नखे गळण्याची साथ येऊन गेली होती.

आता विचार करा. त्या गावांतील माणसांनी जगातले सर्वोत्तम भृंगराज तेल डोक्याला चोळले असते, तर काय झाले असते? काहीही नाही. रोग डोक्यावर दिसत होता आणि कारण ताटात होते.

हा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात पहिल्याच अध्यायात पिंपळी, क्षार आणि मीठ या तीन गोष्टींचा अतिवापर करू नये, असा इशारा आहे. कारणे देताना चरक चक्क प्रदेशांची नावे घेतात. क्षाराचा अतिवापर करणारे पूर्वेकडील लोक आणि चिनी. दुधाबरोबरसुद्धा मीठ खाणारे बाह्लीक, सौराष्ट्र, सिंधू आणि सौवीर देशांचे लोक. अतिक्षाराने टक्कल आणि पिकलेले केस, तर अतिमिठाने त्याबरोबर चाई आणि अकाली सुरकुत्याही मागे लागतात, असे ते सांगतात. एखाद्या प्रदेशाचा आहार पाहून तेथील लोकांच्या केसांचा विचार करणे, ही दृष्टी त्या काळी होती. याच विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाचा अध्याय आहे. अनेक माणसे एकाच वेळी सारख्या रोगाने आजारी पडली, तर व्यक्तीच्या प्रकृतीत कारण शोधू नका. हवा, पाणी, भूमी आणि काळ यांत शोधा, असे तो सांगतो. बुलढाण्यात जे शोधायचे होते, त्याची दिशा यात दाखवलेली आहे.

आपल्या पाटाचे पाणी, आपले ताट

हीच दृष्टी आपण आपल्या गावाकडे वळवू. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले, प्रवरेच्या कालव्यांना हमखास पाणी मिळू लागले आणि हा भाग उसाचा झाला. समृद्धी आली, त्याबरोबर पाणथळ आणि क्षारपड जमिनीही आल्या. ज्यांच्या विहिरीला किंवा कूपनलिकेला जड पाणी आहे, त्या घरांतील भगिनींना अनुभव असेल की, साबणाला फेस येत नाही आणि केस धुतल्यावर चिकट, राठ लागतात. जड पाण्यातील चुन्याशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा थर तयार होतो आणि तो केसांवर बसतो. यामुळे टक्कल पडते असे मी म्हणणार नाही. पण केस राठ होतात, गुंततात आणि विंचरताना तुटतात. यावर उपाय सोपा आहे. डोक्याला अंगाचा साबण लावू नये. रिठा आणि शिकेकाई यांतला फेसाचा घटक साबणाहून वेगळा आहे. जड पाण्यातही तो असा थर धरत नाही. शेवटचे दोन तांबे साठवलेल्या पावसाच्या किंवा मऊ पाण्याचे घेतले तर उत्तम. आणि डोक्यावर कढत पाणी घेऊ नये. गरम पाण्याचे स्नान शरीराला बळ देते, पण तेच डोक्यावर घेतल्यास केसांचे व डोळ्यांचे बळ हरपते, असे वाग्भटांनी दिनचर्येत सांगून ठेवले आहे.

आता ताटाकडे पाहू. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्ताल्पता आढळली. आयुर्वेदाच्या भाषेत हा पांडुरोग. ज्या घरात सासू-सून-लेक तिघींचेही केस गळतात, तेथे मी आधी त्यांच्या डोळ्यांच्या पापण्या ओढून लाली पाहतो. पाटाच्या पाण्याबरोबर आपल्या ताटातली बाजरी मागे पडली, तीळ-कारळ्याची चटणी सणापुरती उरली आणि चहा मात्र दिवसातून पाच वेळा आला. जेवणाला लागून घेतलेला चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. त्याउलट आवळा, लिंबू, पेरू यांतील आंबटपणा ते अंगी लावतो. म्हणून बाजरीची भाकरी, मेथी किंवा शेवग्याची भाजी, वर तिळाची चटणी आणि लिंबाची फोड हे जेवण केसांचेही औषध आहे. चरकांनी तिळाला त्वचेला व केसांना हितकर आणि बल देणारा म्हटले आहे. बाळंतिणीला हळिवाचे आणि डिंकाचे लाडू देण्याची आपली रीत यासाठीच आहे. जे मांसाहार करतात त्यांनी अंडी, मासे घ्यावेत. जे करत नाहीत त्यांनी डाळी, उसळी, दूध यांत कुचराई करू नये. केस हे मुख्यत्वे प्रथिनांचे बनलेले असतात. केवळ साखर-चहा-बिस्किटांवर ते तग धरत नाहीत.

मनाचा भागही विसरू नका. पालित्याची कारणे सांगताना ग्रंथकारांनी क्रोध, शोक आणि श्रम यांचा उल्लेख केला आहे. या अवस्थांत शरीरातील उष्मा पित्तासह डोक्याकडे जातो आणि केस पिकवतो, अशी त्यांची उपपत्ती आहे. परीक्षेच्या काळात रात्र-रात्र जागणाऱ्या मुलामुलींनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

तेल काय करते आणि काय करत नाही

मी तेलाच्या विरोधात आहे, असे कृपया समजू नका. डोक्याला, कानांना आणि तळपायांना विशेषेकरून तेल लावावे, हा दिनचर्येतला नियम आहे आणि मी तो स्वतः पाळतो. प्रश्न त्याच्याकडून अपेक्षा काय ठेवावी, हा आहे. २००३ साली आरती रेळे आणि र. ब. मोहिले यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. खनिज तेल, सूर्यफुलाचे तेल आणि खोबरेल यांची तुलना केली असता, धुण्या-विंचरण्याने केसांतील प्रथिनांचा जो ऱ्हास होतो, तो केवळ खोबरेलाने लक्षणीय कमी झाला. हे संशोधक केशतेल बनवणाऱ्या कंपनीतले होते, हेही सांगितले पाहिजे. परंतु आपल्या अनुभवाशी तो निष्कर्ष जुळतो. तेल असलेल्या केसाची राखण करते. नवा केस उगवून आणण्याचे काम त्याच्याकडे सोपवू नये.

ज्यांना घरी तेल सिद्ध करायचे आहे, त्यांच्यासाठी शास्त्रोक्त प्रमाण सांगतो. कल्क एक भाग, तेल चार भाग आणि द्रव सोळा भाग. म्हणजे एक लिटर तिळाच्या तेलाला माक्याचा ताजा रस चार लिटर आणि वाटलेला आवळा पाव किलो. माका आपल्या पाटाच्या कडेला, ओल्या बांधावर भरपूर उगवतो. पण तणनाशक फवारलेल्या शेताजवळचा घेऊ नये. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ढवळत राहावे. पाण्याचा अंश संपला की तेलावर फेस येतो. कल्काची बोटांनी वात वळता येऊ लागली आणि ती विस्तवावर धरली असता तडतड आवाज आला नाही, म्हणजे तेल सिद्ध झाले. घाईने उतरवले तर ते आंबूस होऊन लवकर खराब होते. जास्त आटवले तर करपून निरुपयोगी होते. आता कल्पना करा, एका लिटर तेलाला चार लिटर ताजा रस आणि दोन दिवसांचे कष्ट लागतात. मग बाजारातल्या स्वस्त, हिरव्या रंगाच्या, सुवासिक बाटलीत माका किती असेल? बाटलीच्या मागचा बारीक अक्षरांतला मजकूर एकदा वाचून पाहावा.

कोंड्याच्या बाबतीत मात्र एक सूचना ठामपणे करतो. कोंडा दिसला की रात्रभर तेल चोपडून ठेवायचे, ही आपल्याकडची सवय आहे. कोरडा, रुक्ष कोंडा असेल तर थोडे तेल लावून तासाभराने धुणे ठीक आहे. पण पिवळसर, चिकट, खाजरा कोंडा असेल, तर तेथे तेल मुरवत ठेवू नये. त्यामागे मॅलॅसेझिया नावाची सूक्ष्म बुरशी असते आणि ती डोक्यावरच्या स्निग्धांशावरच जगते. आयुर्वेदाच्या भाषेत, कफाचा लेप बसलेल्या ठिकाणी आणखी स्नेह घालू नये. त्रिफळ्याच्या किंवा कडुनिंबाच्या कोमट काढ्याने आठवड्यातून दोन-तीनदा डोके धुवावे, फणी व टॉवेल वेगळे ठेवावेत. तीन आठवड्यांत उतार पडला नाही, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने बुरशीनाशक शाम्पू वापरण्यात कसलाही कमीपणा नाही.

घरगुती म्हणजे निरुपद्रवी नव्हे

आपल्या भागात सीताफळे विपुल होतात. उवा मारण्यासाठी सीताफळाच्या बियांची पूड डोक्याला लावण्याची जुनी रीत आहे. तिने उवा मरतात, हे खरे; पण ती पूड डोळ्यांत गेली, तर डोळ्याच्या पारदर्शक पटलाला तीव्र इजा होते. असे रुग्ण नेत्रतज्ज्ञांनी वैद्यकीय साहित्यात नोंदवलेले आहेत. लहान मुलीच्या डोक्याला पूड लावायची आणि ती घामाने ओघळून डोळ्यांत जायची, असा हा अपघात. भगिनींनो, ही रीत आजपासून बंद करा. ज्यांच्या हातून चुकून डोळ्यांत गेली, त्यांनी भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. शेजारीच लोणीला मोठे रुग्णालय आहे. उवांसाठी ओल्या केसांतून बारीक दातांची फणी दर तीन-चार दिवसांनी, दोन-तीन आठवडे फिरवावी. लिखा फुटायला आठवडा-दीड आठवडा लागतो, म्हणून एकदा फणी फिरवून भागत नाही. घरातल्या सर्वांचे एकाच वेळी करावे. औषधाच्या दुकानात मिळणारे पर्मेथ्रिनचे औषधही चालते. ते आठवडाभराने पुन्हा लावावे लागते.

दुसरा धोका गुंजेचा. चाईवर गुंजेचा लेप सुश्रुतांनी सांगितला आहे, तो स्नेहन, स्वेदन, रक्तमोक्षण या क्रमात आणि वैद्याच्या हातून. गुंजेचे बी अत्यंत विषारी आहे. ऐकीव माहितीवर ते घरी उगाळून खरवडलेल्या त्वचेवर लावणे, हा जिवाशी खेळ आहे. तिसरा धोका ‘काळ्या मेंदी’चा. मेंदीचा रंग तांबूस. तो काळाभोर दिसला की त्यात रासायनिक द्रव्य मिसळले आहे, असे समजावे. बहुधा ते पीपीडी असते. त्याने काहींच्या चेहऱ्याला, पापण्यांना भयंकर सूज येते. लावण्यापूर्वी कानामागे थोडे लावून दोन दिवस वाट पाहावी.

आणि एक विषय देवीच्या गावात बोलणे माझे कर्तव्य आहे. कोणा मुलीच्या केसांत गुंता होऊन जट झाली, की देवीचे बोलावणे आले असे समजून ती वाढू दिली जाते. मानेवर तिचा भार पडतो, आत मळ, उवा, जखमा होतात, मुलीची शाळा सुटते, लग्न अडते. जट ही न विंचरल्याने, चिकटपणाने आणि दुर्लक्षाने होते. जगन्माता आपल्या लेकीच्या डोक्यावर असे ओझे कशाला ठेवील? जट कापून डोके स्वच्छ धुणे, यात कोणताही अधर्म नाही.

वैद्याकडे केव्हा जावे?

पुढील लक्षणे दिसली तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. एकाएकी गोल चट्टा पडणे. लहान मुलाच्या डोक्यावर खपल्या, तुटके केस आणि खाज. हे बहुधा गजकर्ण असते आणि त्याला पोटातून औषध घ्यावे लागते, नुसते मलम पुरत नाही. केस गळण्याबरोबर थकवा, धाप, वजनातील बदल. अशा वेळी रक्ताची आणि थायरॉइडची तपासणी करावी. तरुण मुलीची पाळी अनियमित, चेहऱ्यावर लव आणि डोक्यावरचे केस विरळ. हे बीजांडकोशाच्या विकाराचे चिन्ह असू शकते. केस गेलेल्या जागी व्रण वा गुळगुळीत चकाकी. आणि एकाच गल्लीत, एकाच गावात अनेकांचे केस एकदम जाऊ लागले, तर प्रत्येकाने वेगळे तेल आणू नये; सर्वांनी मिळून आरोग्य केंद्रात कळवावे आणि धान्याचे, पाण्याचे नमुने तपासून घ्यावेत.

नस्य, शिरोधारा, शिरोबस्ती, रक्तमोक्षण असे समर्थ उपचार आयुर्वेदात आहेत. चरकांनी खालित्यात शरीरशुद्धीनंतर नस्य, तैलाभ्यंग आणि लेप हा क्रम सांगितला आहे. ते शिकलेल्या, नोंदणीकृत वैद्याकडून, प्रकृती पाहून करून घ्यावेत. आपला जिल्हा याबाबतीत भाग्यवान आहे. नगरला वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी आयुर्वेदाच्या शिक्षणाची पायाभरणी केली आणि त्यांच्या नावाचे महाविद्यालय आजही तेथे आहे. शिकलेला वैद्य हाताशी असताना रस्त्यावरच्या तंबूत जाण्याचे प्रयोजन काय?

मित्रहो, आपल्या शास्त्राविषयी आपल्याला अभिमान आहे, आणि तो असावाच. परंतु शास्त्राचा मान त्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बाटल्यांच्या संख्येवर ठरत नाही. ‘कारण शोधा, ते टाळा, आणि जे साध्य नाही ते तसे सांगा’ ही त्याची शिस्त आपण पाळतो की नाही, यावर तो ठरतो. तेव्हा उद्या सकाळी आरशात पाहताना केस गळलेले दिसले, तर तेलाच्या दुकानाकडे वळण्यापूर्वी स्वतःला चार प्रश्न विचारा. गेल्या तीन महिन्यांत मला मोठा आजार झाला होता का? माझ्या ताटात काय असते? माझे पाणी कसे आहे? मला झोप किती मिळते? या चार प्रश्नांच्या उत्तरांत पुष्कळांचे औषध सापडेल. ज्यांचे सापडणार नाही, त्यांनाही वैद्यासमोर बसल्यावर नेमके काय सांगायचे, ते कळलेले असेल.